ठरवलेलं फ्लोअरिंग एक, घरात बसवलेलं दुसरंच

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: हॉल आणि बेडरूमचं प्लँक फ्लोअरिंग पूर्ण बदलून देण्याबाबत

नमस्कार,

मी डोंबिवलीला राहते. आमची बिल्डिंग जुनी आहे, खाली मोझॅकच्या लाद्या, हॉल लांबट आणि उजेड येतो तो फक्त गॅलरीच्या बाजूने. घराला जरा नवं रूप द्यायचं बरेच वर्षं मनात होतं पण लाद्या फोडायच्या म्हणजे डेब्रिज, सोसायटीची परवानगी आणि मुख्य म्हणजे धूळ, सासूबाईंना दमा आहे त्यामुळे तो विषयच नको होता. जुन्या लादीवरच बसतं, तोडफोड नाही, म्हणून प्लँक फ्लोअरिंग, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या लांब पट्ट्या, करायचं ठरलं आणि म्हणून तुमच्या शोरूमला आलो.

तिथे तुमच्या सेल्समननी सगळं नीट समजावलं होतं हे मी मान्य करते. गडद वॉलनट आम्हाला आवडला होता पण ते म्हणाले कमी उजेडाच्या हॉलमध्ये खोली अजून लहान वाटेल आणि गडद रंगावर धूळ लगेच दिसते, ते पटलं. ग्लॉसी नको, पायांचे डाग आणि ओरखडे दिसतात, मॅट घ्या, तेही पटलं. मिस्टरांना हेरिंगबोन म्हणजे तिरक्या नागमोडी मांडणीचं हवं होतं, त्यात तुकडे लहान, कटिंग जास्त, १० ते १५ टक्के माल वाया जातो आणि अरुंद हॉलमध्ये फार गजबजल्यासारखं होतं म्हणून ते सोडलं. शेवटी फिकट ओक, मॅट, रुंद पट्टी, कडेला व्ही ग्रूव्ह म्हणजे बारीक खाच, आणि पट्ट्या दारापासून गॅलरीकडे लांबीत बसवायच्या म्हणजे उजेडाच्या दिशेने रेषा जातात आणि सांधे कमी दिसतात, असं ठरलं. मटेरियल एसपीसी (दगडाची पावडर आणि प्लॅस्टिक मिळून केलेलं, पाण्याला टिकणारं), ५ मि.मी., कारण गॅलरीचं दार पावसात उघडं राहतं, झड आत येते, घरात वयस्कर माणसं आहेत, पाणी सांडतं. हे सगळं कोटेशनवर तुमच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं आहे, फोटो सोबत जोडलाय.

आता घरात काय बसलंय ते सांगते.

पहिलं म्हणजे हे एसपीसी नाहीच. कापलेले तुकडे कामगार इथेच टाकून गेले त्याची कड बघितली तर आत तपकिरी दाबलेला लाकडाचा भुगा दिसतो, म्हणजे एचडीएफ, म्हणजे साधं लॅमिनेट. एसपीसीमध्ये चुनखडीची पावडर आणि पीव्हीसी असतं, ते जड लागतं आणि पाण्याने फुगत नाही. मी एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी कडेला फुगून वर आला होता. बॉक्सवर ८ मि.मी. आणि एसी ३ छापलंय. एसी हा लॅमिनेट किती झीज सोसतं त्याचा ग्रेड आहे, एसपीसीच्या बॉक्सवर वेअर लेअर, म्हणजे वरचा झिजेचा थर, किती मिलिमीटर ते लिहितात, हे मला तुमच्याच शोरूममध्ये सांगितलं होतं. पावसाळा सुरू झाला आणि गॅलरीच्या दाराशी सांधे उचलले गेलेत, सासूबाईंचा पाय तिथे अडकतो, त्या आता तिकडे जातच नाहीत. तुमच्या साइट सुपरवायझरला फोन केला तर म्हणाले "मॅडम लाकूड आहे, थोडं फुगणारच". अहो पण लाकूड नको, फुगणारं नको, म्हणूनच तर एसपीसीचे पैसे भरले ना!

दुसरं दिसण्याचं. शोरूममध्ये नमुना दिला होता तो तळहाताएवढा, त्यावर रेषा छान, एखादी बारीक गाठ. पूर्ण हॉल बसल्यावर लक्षात आलं की छपाईचे डिझाईनच मोजके आहेत आणि तीच काळपट गाठ परत परत येते, त्यात कामगारांनी बॉक्स एकमेकांत मिसळलेच नाहीत, एकेक बॉक्स फोडून सरळ लावत गेले, त्यामुळे सोफ्यासमोर साडीवरच्या बुट्ट्यांसारख्या गाठी ओळीत उभ्या आहेत. एकदा दिसल्या की नजर तिथेच जाते. छापील डिझाईन आहे तर ते रिपीट होणारच हे कळतं मला, पण किती वेगवेगळ्या प्लँक येतात हे ग्राहकाला आधी सांगायला काय हरकत आहे? तळहाताएवढ्या तुकड्यावरून एवढा हॉल कसा निवडायचा माणसाने? बेडरूमचा माल तर वेगळ्या बॅचचा आहे, हॉलचा ओक पिवळसर आणि आतला राखाडी, दाराच्या पट्टीपाशी दोन्ही शेजारी येतात तिथे सरळ फरक दिसतो.

तिसरं, पट्ट्या आडव्या बसवल्या. लांबीत ठरलं होतं, लिहिलेलं होतं, आम्ही कामावर होतो आणि सासूबाईंनी विचारलं तर "असंच असतं आजी" म्हणून गप्प केलं. वयस्कर बाईला असं उत्तर देणं मला अजिबात आवडलेलं नाही, हे तुमच्या माणसांपर्यंत पोचवा. आडव्या पट्ट्यांनी हॉल होता त्यापेक्षा अरुंद वाटतो आणि सगळे सांधे उजेडात उठून दिसतात.

आणि भिंतीशी गॅप सोडलेलीच नाही. स्कर्टिंगचा एक तुकडा निघाला तेव्हा बघितलं, प्लँक भिंतीला घट्ट टेकलेली. फ्लोटिंग फ्लोअरला, म्हणजे खाली न चिकटवता नुसतं ठेवलेल्याला, कडेने ८ ते १० मि.मी. जागा लागते, हवेतल्या ओलाव्याने माल वाढला तर जाणार कुठे? लॅमिनेटला तर ती जास्तच लागते. माल ४८ तास खोलीत ठेवून मग बसवायचा असतो तेही केलं नाही, टेम्पोतून उतरवला आणि लगेच ठोकाठोक सुरू.

पैशांचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त हे की आम्ही घाईने काही घेतलं नव्हतं. रंग, फिनिश, रुंदी, दिशा, मटेरियल, एकेक गोष्ट घरातल्या चौघांनी बसून ठरवली, तुम्हीच ठरवायला मदत केलीत आणि मग त्यातला फक्त "ओक" एवढा शब्द घेऊन गोडाऊनमध्ये होतं ते पाठवलंत. स्टाईल म्हणजे नुसता रंग नसतो हो, खाली काय आहे आणि कसं बसवलंय यावर ते घर कसं दिसणार आणि किती वर्षं टिकणार हे ठरतं.

माझी मागणी अशी आहे. हे सगळं काढून न्या आणि कोटेशनप्रमाणे एसपीसी, एकाच बॅचचं, लांबीत, गॅप सोडून बसवा, काढण्याचा-बसवण्याचा खर्च तुमचा. बसवायच्या आधी चार-पाच बॉक्स उघडून पट्ट्या आमच्यासमोर जमिनीवर सुट्या मांडून दाखवा, आम्ही हो म्हटल्यावरच एकमेकांत लॉक करा. हे जमत नसेल तर पूर्ण पैसे परत द्या आणि माल घेऊन जा. फुगलेल्या चार पट्ट्या बदलून देतो हा तुमचा फोनवरचा प्रस्ताव मला मान्य नाही, त्या जागी परत एचडीएफच येणार आणि पुढच्या झडीला परत फुगणार.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवंय, फोनवर नको. नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि कोटेशन, बिल, बॉक्सचे फोटो, पाण्यात फुगलेला तुकडा सगळं मी जपून ठेवलंय.

पाहणीला माणूस पाठवायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा, रविवारी आम्ही सगळे घरी असतो. ज्याला कोटेशन वाचता येतं आणि निर्णय घ्यायचा अधिकार आहे असाच माणूस पाठवा.

आपली ग्राहक,
डोंबिवली पूर्व

सोबत: कोटेशन, बिल, बॉक्सच्या लेबलचे आणि गॅलरीच्या दाराशी उचललेल्या सांध्यांचे फोटो