बंदीचे गोडवे गाण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलाचं कारण पुढे करून आपल्या मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लादलं. तेव्हापासून एक वाक्य मी जाईन तिथे ऐकतो आहे: 'घालू देत हवी तेवढी बंदी. बंदी आली की आपण स्वयंपूर्ण होतो, आजवर हेच झालंय.' सकाळी बागेतल्या बाकावर हेच चालतं. भाचीच्या लग्नात तर जेवता जेवता माझी आणि मेव्हण्यांची याच विषयावरून जुंपली. क्रायोजेनिक इंजिन (अतिथंड द्रव इंधनावर चालणारं रॉकेटचं इंजिन), परम महासंगणक, पोखरणची अणुचाचणी हे दाखले त्यांना तोंडपाठ आहेत. दाखले खरे आहेत आणि मलाही त्यांचा अभिमान आहे. पण ते अर्धेच सांगितले जातात. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात मी चौतीस वर्षं माल तपासायचं काम केलं. उरलेला अर्धा भाग मी माझ्या टेबलावरून पाहिला आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे अधूनमधून अणुऊर्जेच्या कामाचे सुटे भाग करायला येत. ड्रॉइंगवर नुसता नंबर असे. तो भाग कुठे बसणार हे कोणी सांगत नसे आणि आम्ही विचारतही नसू. स्टीलची एक बाही, म्हणजे पोकळ नळीसारखा भाग होता, तिच्या आतल्या व्यासात फक्त दहा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची सूट. पहिल्या चाळीस नगांतले एकतीस मी रिजेक्ट केले. मालकांनी ते भंगारात घातले, हत्यार बदललं, शीतक बदललं आणि पुन्हा माल चढवला. पाचव्या महिन्यात कुठे नग सलग पास होऊ लागले. त्या पाच महिन्यांचा तोटा मालकांनी सोसला, कारण पुढची ऑर्डर येणार याची त्यांना खात्री होती. स्वयंपूर्णता म्हटलं की मला ते भंगाराचं पिंप आठवतं.

क्रायोजेनिक इंजिनाचंच घ्या. जानेवारी १९९१ मध्ये इस्रोने ही इंजिनं आणि त्यांचं तंत्रज्ञान मिळवण्यासाठी सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी करार केला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने दोन्ही संस्थांवर दोन वर्षांचे निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला. मिळाली ती सात तयार इंजिनं. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि मग थेट यशावर उडी मारतात. मधे काय झालं? आपल्या स्वतःच्या क्रायोजेनिक टप्प्यासह पहिलं जीएसएलव्ही रॉकेट १५ एप्रिल २०१० रोजी उडालं आणि मोहीम फसली. ऑगस्ट २०१३ मध्ये इंधनगळतीमुळे ऐन वेळी उड्डाण थांबवावं लागलं. यश मिळालं ५ जानेवारी २०१४ ला. निर्बंध आले तेव्हा पंचविशीत असलेला अभियंता त्या दिवशी सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता. बंदीने त्याला काय दिलं? बावीस वर्षांची मेहनत. ती करता आली, कारण बंदीच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकात, आपले अभियंते फ्रान्समध्ये राहून तिथल्या लोकांबरोबर द्रवरूप इंधनाच्या इंजिनावर काम करून आले होते. त्या शिक्षणातून 'विकास' इंजिन उभं राहिलं. विक्रोळीला गोदरेजमध्ये त्याचे भाग होऊ लागले आणि कारागिरांचे हात त्या कामाला सरावले. बंदीच्या दिवशी हे हात तयार होते. नसते तर बावीसची चाळीस वर्षं झाली असती.

आता तारापूर. पालघर जिल्ह्यातल्या त्या एकाच आवारात या वादाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेने बांधून दिलेल्या, १९६९ पासूनच्या. १९६३ च्या करारात तीस वर्षं इंधन देण्याचं वचन होतं. १९७४ ची पोखरण चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने अणुनिर्यातीवर बंधनं घालणारा नवा कायदा केला आणि वचन मागे पडलं. मग १९८२ पासून फ्रान्स, पुढे चीन, पुढे रशिया, अशी दारोदार फिरून त्या भट्ट्यांची चूल आपण पेटती ठेवली. शेजारच्या तीन आणि चार क्रमांकाच्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या भट्ट्या मात्र आपल्या लोकांनी आखल्या आणि बांधल्या. त्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांचं मूळ राजस्थानातल्या रावतभाट्यात आहे. तिथल्या भट्ट्या कॅनडाच्या मदतीने उभ्या राहत होत्या. १९७४ नंतर कॅनडा काम अर्धवट टाकून निघून गेला आणि तिथली दुसरी भट्टी आपल्या अभियंत्यांनी पुरी करून १९८१ मध्ये चालू केली. ही कामगिरी वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पण पुढचं कोणी सांगत नाही. २००७-०८ च्या सुमारास आपल्याच बनावटीच्या अणुभट्ट्या निम्म्या ताकदीच्या आसपास चालवाव्या लागत होत्या, कारण देशात पुरेसं युरेनियम निघत नव्हतं. यंत्र आपलं, विद्या आपली, पण जळण कमी. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुव्यापाराची सूट दिली आणि बाहेरून युरेनियम येऊ लागलं, तेव्हा भट्ट्यांनी पुन्हा जोर धरला. २०१५ पासून युरेनियम देणाऱ्यांत कॅनडाही आला, तोच, १९७४ मध्ये पाठ फिरवलेला. मेव्हण्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'भावजी, तुम्ही उगीच खुसपट काढता.' मला यात खुसपट दिसत नाही. आपण काय करू शकलो आणि कशासाठी अडलो, या दोन्ही गोष्टी माहीत असल्याशिवाय पुढच्या बंदीची तयारी करायची कशी?

परम ८००० चंही तसंच. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था निघाली आणि १९९१ मध्ये यंत्र तयार. त्यातले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. यात कमीपणा अजिबात नाही. अनेक प्रोसेसर एका कामाला जुंपण्याची विद्या आपण कमावली, हीच मोठी गोष्ट. गव्हाची गोष्टही अशीच. अमेरिकन गव्हाच्या लाचारीतून आपण सुटलो, त्याची सुरुवात १९६६ मध्ये मेक्सिकोहून आणलेल्या १८,००० टन बियाण्याने झाली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची परदेशी मिलो ज्वारी खाऊन आमची पिढी वाढली, त्यामुळे धान्यासाठी हात पसरणं काय असतं हे मला कोणी शिकवायला नको.

आणि आज? एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. काही महिन्यांत आकुर्डीच्या बजाज ऑटोला विजेवर चालणाऱ्या चेतकचं उत्पादन अडचणीत येईल असं जाहीर करावं लागलं. ही सातही आपल्याकडे मुबलक नाहीत, पण चुंबकांना लागणारं निओडिमियमसारखं दुर्मिळ मूलद्रव्य आपल्या केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत भरपूर आहे. वाळूपासून चुंबकापर्यंतचे कारखाने मात्र आपण वेळेत उभारले नाहीत. भोसरी-चाकणच्या कोणत्याही शॉपमध्ये जा, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा सांगाडा देशी असला तरी त्याला हुकूम देणारा कंट्रोलर बहुधा जपानी नाहीतर जर्मन असतो. उद्या तो अडवला तर? संशोधनावर आपण देशाच्या उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास करतो. बंदीचं स्वागत करणाऱ्यांनी आधी या आकड्यासाठी आवाज उठवावा. आपल्या आमदार-खासदारांना विचारावं की तालुक्याच्या आयटीआयमध्ये निदेशकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि तिथलं सगळ्यात नवं यंत्र कोणत्या सालचं आहे.

मी कामाला लागलो तेव्हा आमच्या कारखान्यात दरवर्षी सहा शिकाऊ मुलं घेत. निवृत्त झालो तेव्हा एकही नव्हतं. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार होता, पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. मायक्रोमीटर हे माप घ्यायचं उपकरण किती घट्ट पिळायचं हे बोटांना कळायला सात-आठ महिने लागतात. त्याच्या बोटांना ते कळलं आणि तीन महिन्यांनी त्याचं कंत्राट संपलं. आता तो हिंजवडीत पार्सलं पोचवतो.

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता तपासनीस, भोसरी