पागाचे शिसे : साच्याला तेल नको, भोकाला ड्रिल नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मासेमारीबंदीच्या दिवसांत करायच्या कामांवर आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. जाळ्यांच्या दुरुस्तीचा भाग चांगला उतरला आहे. मात्र पागाचे, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याचे, शिशाचे मणी घरी ओतण्याबद्दल त्यात दोनच वाक्ये आहेत आणि दोन्ही चुकीची : साच्याला आतून तेल लावावे, आणि भोक लहान पडल्यास ड्रिलने वाढवावे. किनाऱ्यावर बरेच जण असेच करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी ऋतूचे बोलू. बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे नेमके धो धो पावसाचे दिवस. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना ३५० ते ४०० अंशांवर असते. अशा शिशाच्या खाली पाणी सापडले, तर एका मिलिलिटर पाण्याची दीड लिटरहून जास्त वाफ क्षणात होते आणि भांड्यातले शिसे अंगावर उडते. वरून पडलेला थेंब बहुधा चरचरून जातो. भीती आहे ती खाली अडकलेल्या पाण्याची. जुन्या जाळ्यातून काढलेल्या मण्यांच्या भोकात मीठ असतेच, आणि ते पावसाळी हवेतली ओल ओढून घेते. म्हणून ओतकाम मे महिन्यात उरकावे. भोके साफ करणे, वजनाने निवडणे, ओवणे ही कामे बंदीच्या दिवसांना ठेवावीत. जुने मणी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, आतले तंगूसचे (नायलॉनच्या दोऱ्याचे) तुकडे ओढून काढून, कडक उन्हात वाळवावेत. ते थंड भांड्यात घालून मगच आच द्यावी. वितळलेल्या शिशात वरून तुकडा टाकायचा नाही. पळी आणि साचाही आधी तापवून घ्यावेत.

आता तेल. घाण्याच्या खोबरेल तेलाला २०० अंशांच्या अलीकडेच धूर सुटतो, मग साडेतीनशे अंशांच्या शिशाखाली त्याचे काय होणार? त्याचा वायू होतो, तो शिसे आणि साचा यांच्या मध्ये अडकतो आणि मण्यावर सुरकुत्या व खळगे पडतात. इंजिन ऑइल आणि ग्रीसचे तेच. सुरकुत्या दिसल्या की माणूस आणखी तेल लावतो आणि काम आणखी बिघडते. खरे तर नवा साचा साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, आतून रॉकेलच्या चिमणीची काजळी धरावी. पृष्ठभाग काळसर दिसेल इतकाच थर पुरे. जाड काजळीने मण्याच्या कडा बोथट होतात आणि साच्यातल्या हवा जाण्याच्या चिरा बुजतात. मण्यात भोक राहावे म्हणून साच्यात मधोमध घातलेल्या सळईवर काजळी टिकत नाही. तिच्यावर मऊ पेन्सिल घासावी, म्हणजे ग्रॅफाइटचा थर बसतो.

तेल नसतानाही सुरकुत्या आल्या तर साचा थंड आहे. पहिले पाच-सहा मणी तसेच निघतात, ते पुन्हा वितळवावेत. मणी पांढुरका, दाणेदार दिसू लागला तर साचा जास्त तापला आहे, मिनिटभर थांबावे. मण्याच्या पोटात पोकळी राहते ती बहुतेक वेळा साच्याच्या तोंडाशी शिसे कमी पडल्याने. गोठताना शिसे साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणून तोंडावर छोटा ढीग राहील इतके ओतावे.

सळई सगळीकडे सारख्या जाडीची ठेवली तर ती रुतून बसते. थंड होताना शिसे पोलादापेक्षा जास्त आकसते. ४ मिमीच्या सळईवर हा फरक सुमारे ०.०२ मिमी भरतो, आणि तेवढ्यानेही पकड बसते. लेथवाल्याकडून सळई एका टोकाला ४.१ आणि दुसऱ्या टोकाला ३.९ मिमी अशी किंचित निमुळती करून घ्यावी. शिसे गोठताच, मणी गरम असतानाच ती पिळून जाड टोकाकडून ओढावी. थंड होऊ दिली तर हातोडी लागते आणि मणी चेपतो.

भोकाचे माप म्हणजे वजनाचेही माप. २५ मिमी लांब, १० मिमी जाड आणि ४ मिमी भोकाचा मणी साधारण १८.७ ग्रॅम भरतो. भोक ५ मिमी केले की तोच मणी १६.७ ग्रॅमचा होतो. दोनशे मण्यांच्या पागात हा फरक ४०० ग्रॅमचा, आणि काही मणी ड्रिल केलेले, काही न केलेले असतील तर पाग गोल उघडत नाही, एका अंगाला आधी बसतो. शिवाय शिसे मऊ असल्याने ड्रिलचे पाते त्यात रुतते, मणी हातातून हिसकला जातो, आणि शिशाचा कीस अंगणभर पसरतो.

पर्याय सोपा आहे. पोलादी पट्टीत १० मिमीचे गुळगुळीत भोक पाडून घ्यावे. मण्याच्या शिवणीवर निघालेला बर (जादा शिशाची पातळ कड) चाकूने खरवडत बसण्यापेक्षा मणी बाहेरून नावाला मेण लावून पट्टीतून दाबून काढावा. ओतलेला मणी १०.१ ते १०.२ मिमीचा असेल तरच हे जमते. त्याहून जाड असल्यास साच्याचे दोन भाग नीट मिटत नाहीत, तिथे उपाय करावा. या दाबाने आतले भोक थोडे आवळते. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी बाहेरचे माप, मग आतले. आतल्या मापासाठी गोल नाकाची ४ मिमीची पोलादी सळई, तिला मधमाश्यांचे मेण चोळून, लाकडी हातोडीने आरपार न्यावी. शिसे कापले जात नाही, बाजूला सरकते, भोक आतून गुळगुळीत होते आणि कीस निघत नाही. शेवटी दोन्ही तोंडांची धार हाताने फिरवायच्या काउंटरसिंकने (भोकाची कड तिरपी करणाऱ्या शंकूसारख्या हत्याराने) मोडावी. दोरी तुटते ती तिथेच. मेण मात्र फडक्याने पुसून काढावे, नाहीतर मणी दोरीवर सरकत राहतात.

३ मिमी दोरीला ४ मिमी भोक बरोबर. त्याहून घट्ट असेल तर वाळू आणि मीठ अडकून दोरी झिजते. मणी दहा-दहाच्या गटाने तोलावेत. १८७ ग्रॅमऐवजी १८० भरले तर त्यात एखादा पोकळ आहे.

भंगाराबद्दल थोडे. गाडीच्या चाकाच्या बॅलन्सिंगची वजने खडकाळ खाडीसाठी चांगली, कारण त्यांतल्या अँटिमनी या धातूने शिसे कठीण होते. पण हल्ली त्यांत जस्ताचीही वजने येतात. जस्त ४१९ अंशांना वितळते. आच ४०० च्या आत ठेवली तर ते लोखंडी क्लिपांबरोबर वर तरंगते आणि झाऱ्याने काढता येते. एकदा मिसळले की रस घट्ट, गाठाळ होतो आणि साचा भरत नाही. याच कारणाने जस्ताचा मुलामा दिलेली बादली वितळवायला वापरू नये. ॲल्युमिनियमचे पातेले तर मुळीच नको, या तापमानाला ते भार पेलत नाही. जाड लोखंडी भांडे घ्यावे, आणि करवंटीच्या जाळापेक्षा गॅसची शेगडी बरी, कारण आच हातात राहते. जुनी बॅटरी फोडणे पूर्ण बंद. पट्ट्यांत धातू कमी आणि शिशाचे सल्फेट व ऑक्साइड जास्त असतात, वर आम्ल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत साखळीतच जायला हवी.

जागा निवडताना एक गोष्ट कुणी बोलत नाही : ज्या खळ्यात बोंबील आणि सुकट वाळते, तिथे ओतकाम नको. वाऱ्याने उडालेली शिशाची राख थेट मासळीवर बसते. वारा पाठीवर घ्यावा, अंगात जाड सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांना चष्मा. रबरी चपला आणि नायलॉनची बनियन अंगाला चिकटून जळतात. काम चालू असताना विडी-तंबाखू नको. हात साबणाने धुतल्याशिवाय घरात शिरू नये आणि ते कपडे वेगळे धुवावेत. वितळलेल्या शिशावर आलेले कीट (मळी) झाकणाच्या डब्यात साठवून शिशाचा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पोचवावे, माडाच्या अळ्यात टाकू नये. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर रक्तातले शिसे तपासून घ्यावे. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आल्यास शिसे कुठून येते ते शोधून ते बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आपले,
जाळी विणणारे व दुरुस्त करणारे काही वाचक,
दाभोळ खाडी परिसर, जि. रत्नागिरी