शेतातलं हिरव्यात, कारखान्यातलं निळ्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कचऱ्याच्या नव्या नियमांची एक चौकट आपल्या पेपरात येऊन गेली, तिच्याबद्दल हे पत्र आहे. उशीर झालाय, पण त्याला कारण आहे. सांगलीत गावभागात माझं रद्दी-भंगाराचं दुकान आहे. ताजा पेपर मी घेत नाही. गिऱ्हाइकाचा गठ्ठा वजन करून आत आला की दुपारी गल्ल्यावर बसून तोच वाचते. त्यामुळं जगातल्या घडामोडी मला तीन आठवडे ते दोन महिने उशिरा कळतात. एकदा निकाल लागल्यावर मी उमेदवारांची आश्वासनं वाचत बसले होते, आणि खरं सांगते, तशी वाचायला जास्त मजा येते.

चौकट चांगली होती, कापून ठेवलीय. १ एप्रिल २०२६ पासून घरातल्या कचऱ्याचे चार भाग करायचे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याचा. आधीच्या, म्हणजे २०१६ च्या नियमांत तीनच भाग होते, आणि डायपर, पॅड नीट गुंडाळून सुक्याच्या डब्यात टाका असं त्यात लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला त्यात वावगं वाटलं नसेल. पण सुक्याचा डबा शेवटी कुणाच्या तरी पुढ्यात निवडायला पडतो, आणि माझ्यासारखीच्या दुकानात निवडणाऱ्या बायकांनाच ते पुडकं उघडल्यावर कळतं. आता ते वेगळं काढलं हे फार बरं झालं. दहा वर्षं लागली, असो.

माझं भांडण नियमाशी नाही, त्यातल्या पहिल्या दोन शब्दांशी आहे. ओला आणि सुका.

आमच्या पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत. स्वच्छतेच्या बाबतीत एकदम कडक. गॅलरीतल्या कुंडीच्या ताटल्यासुद्धा पुसतात. गेल्या महिन्यात रद्दी आणायला गेले, तर दाराशी ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा असे दोन डबे झाकण लावून ठेवलेले. कौतुकानं त्यांनीच उघडून दाखवले. निळ्या डब्यात शेंगांची टरफलं, लसणाची सालं, पाडव्याच्या तोरणाची वाळलेली आंब्याची पानं, आणि चहाचा चोथा. चोथा मुद्दाम गॅलरीत वाळवून मग त्यात टाकलेला! हिरव्या डब्यात दुधाच्या पिशव्या, दह्याचा प्लास्टिकचा डबा आणि भांडी घासायची जुनी घासणी. म्हटलं, "काकू, उलटं झालंय हे सगळं." तर म्हणाल्या, "उलटं कसं? हात लावून बघ की." लावला. पिशवी ओलीच होती.

आता यात त्यांचं काय चुकलं, सांगा. मराठीत ओलं म्हणजे भिजलेलं किंवा ताजं, आणि सुकं म्हणजे वाळलेलं. ओला नारळ, ओला दुष्काळ, ओल्या शेंगा, ओली बाळंतीण. आमच्या सांगलीत तर हळदीचाच बाजार. शेतातून निघते ती ओली हळद; मग ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठं मार्केट यार्डात सौद्याला लागते. ओली होती तेव्हाही हळदच, वाळली तरी हळदच. वाळली म्हणून तिची जात बदलत नाही. हे सांगलीकराला शिकवायला नको. पण डब्यापाशी आलं की तोच माणूस बोटानं चाचपून बघतो. सुकट तर नावातच सुकी आहे. निळ्या डब्यात चार दिवस टाकून बघा, सगळ्या जिन्यात वास सुटेल.

शब्द चुकला की पुढं काय होतं, ते माझ्या काट्यावर दिसतं. चोथा, सालं, शिळा भात निळ्या डब्यात गेला की तो आधी कागदाला चिकटतो. कागद पाणी आणि तेल दोन्ही पितो. ओला कागद तोलताना मला वजनात कट धरावी लागते. मग गिऱ्हाईक म्हणतं, वहिनी काटा मारतात. तेलकट कागद तर कुणी घेतच नाही. पेपर मिलमध्ये कागदाचा पाण्यात लगदा करतात, त्यात तेल आलं की माल बिघडतो. पिझ्झाचा खोका केवढा जाडजूड पुठ्ठ्याचा असतो, पण खालचा तेलकट तळ मी फाडून टाकते आणि झाकण तेवढं घेते. तिकडं हिरव्या डब्यात गेलेली दुधाची पिशवी खतात जाते, आणि तिथून ती वर्षानुवर्षं जात नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर या शब्दांचा पुरता निकालच लागला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माझं दुकान छतापर्यंत बुडालं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर आत साडेतीन टन रद्दी फुगून भिंतींना दाबून बसलेली. पहारीनं उकरून काढावी लागली. रस्त्यावर बघावं तिकडं ढीग: गाद्या, कपाटं, वह्या-पुस्तकं, धान्याची पोती, फ्रीज. बाहेरगावाहून मदतीला आलेला एक पोरगा, बिचारा तीन दिवस झोपला नव्हता, हातात फावडं घेऊन मला विचारतो, "काकी, ओला कचरा कुठला नि सुका कुठला?" मी म्हटलं, "बाळा, आज सांगलीत सुकं फक्त आभाळ आहे." दोघंही हसलो. मग मी रस्त्यातच बसून रडले, ते वेगळं.

पण त्या ढिगाऱ्यासमोर माझ्या डोक्यात लख्ख झालं. गहू भिजला होता आणि फ्रीजही भिजला होता. गव्हाला पाचव्या दिवशी मोड येऊन वास सुटला. फ्रीज धुऊन, उघडून त्याचा पत्रा, तांबं, प्लास्टिक वेगळं झालं आणि विकलं गेलं. भिजण्याचा इथं काही संबंधच नव्हता.

तेव्हापासून मी दुकानावर खडूनं "कुजणारं" आणि "न कुजणारं" असं लिहून ठेवलंय. सरकारी मराठीत "विघटनशील" म्हणतात; तो शब्द माझ्या दुकानात आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. पण माझा मुलगा अकरावीला आहे, त्यानं खोट काढली. म्हणाला, "आई, कागदपण कुजतो की. सुती कापड कुजतं. लाकूड कुजतं." गप्प बसले. बरोबरच होतं त्याचं. पुराच्या रद्दीला बुरशी आलेली मी स्वतः पाहिलीय. दोन दिवस विचार करून मग त्याला म्हटलं, असं विचारायचं: ही वस्तू शेतातून आली का कारखान्यातून? शेंगांची टरफलं शेतातून, हिरव्यात. कांद्याची सालं शेतातून, वाळलेली असली तरी हिरव्यात. उसाची चिपाडं, फुलं, पानं, हाडं, अंड्याची टरफलं, सगळं शेतातलं नि गोठ्यातलं. दुधाची पिशवी, पेपर, बाटली, फाटकी साडी कारखान्यातून, निळ्यात. भिजलेली असो नाहीतर वाळलेली. "बिस्कीट कारखान्यातलंय," असं पोरानं लगेच काढलंच. म्हटलं, तुझ्या घरात बिस्कीट कधी उरलंय?

हे काकूंना सांगितलं तर त्यांना एका वाक्यात कळलं. चहाचा चोथा म्हणजे मळ्यातला, परत हिरव्यात गेला. गॅलरीत वाळवायचं कामही वाचलं त्यांचं.

दुधाच्या पिशवीवर जरा जास्त लिहिते, कारण घरटी रोज एक-दोन निघतातच. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा या पिशवीवर परत घेण्याची कमीत कमी ५० पैसे किंमत छापायची असं ठरलं होतं. पन्नास पैशांचं नाणं घेऊन माझ्या गल्ल्यावर कुणी आलं नाही, पण पिशवीला भाव आहे हे मात्र खरं. चांगलं प्लास्टिक असतं ते. अट एवढीच की विसळून वाळवलेली हवी. न धुतलेल्या पिशव्यांचं गाठोडं मे महिन्यात उघडून बघा म्हणजे कळेल. आणि कापताना टोक पूर्ण उडवू नका. अर्धवट चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या. ती कात्रणं नखाएवढी असतात, कुणाला वेचता येत नाहीत, गटारीत जातात.

माझं माहेर विट्याचं. भावजय दुधाच्या पिशव्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालते. पाहुणे आले तरी काढत नाही. विटं २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आत वस्ती असलेल्या गावांत देशात पहिलं आलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी कराड पहिलं. मला विचाराल तर विट्याच्या माणसाला झाडलोटीची किंमत आधीपासून ठाऊक आहे. आमच्याकडं घरटी कुणीतरी गलाईच्या धंद्यात, देशभर पांगलेलं. माझे चुलते दक्षिणेत होते. सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची, ती जाळायची, गाळायची आणि त्यातून कण कण सोनं काढायचं. सोनार बैठकीचं बसकूरसुद्धा फेकत नाही, असं ते सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच कचऱ्याला पैसे मिळतात. लग्न होऊन रद्दीवाल्याच्या घरात आले, म्हणजे फार चुकलं नव्हतं.

काही गोष्टींना मात्र कुणीच भाव देत नाही. भडंगाचं चकचकीत पाकीट घ्या. सांगलीत येऊन भडंग न नेणारा पाहुणा अजून जन्मायचाय, पण त्या पाकिटात प्लास्टिकचे नि चंदेरी थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटत नाहीत. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीचंही तेच. ती ना जर्मलमध्ये, म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये बसते, ना प्लास्टिकमध्ये. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दीत चालत नाही. लोक मोठ्या विश्वासानं आणून देतात आणि मी परत केलं की रागावतात. हे निळ्या डब्यातच जाऊ द्या, फक्त माझ्याकडं पैसे मागू नका.

निर्माल्याचं एक सांगायचं राहिलं. फुलं शेतातली, पण ज्या पिशवीत घालून घाटावर नेतो ती कारखान्यातली. कृष्णामाईला दोन्ही एकत्र नकोत.

आता ज्यासाठी खरं तर पेन हातात घेतलं ते लिहिते. माझ्याकडं निवडायला येणाऱ्या मावशींना गेल्या पावसाळ्यात सुई टोचली. औषधाच्या रिकाम्या खोक्यात इन्शुलिनची वापरलेली सुई होती, टोपण न लावता टाकलेली. घर कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता आणि कळून करायचं काय होतं. दवाखाना, इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, मग पुन्हा तपासण्या. रिपोर्ट चांगले आले. पण ते यायच्या आधीचे दिवस मावशी नातवाला जवळ घेत नव्हत्या. रोजगार बुडाला तो मी दिला, त्या रात्रींचं काय देणार? त्याआधी एकीच्या तळव्यात ट्यूबलाइटची काच घुसली होती.

नव्या नियमातला चौथा भाग, "विशेष काळजी"वाला, तो हाच. रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं. २०१६ च्या नियमात यालाच घरगुती घातक कचरा म्हणायचे आणि सुया-सिरिंजा त्यातच नावानिशी होत्या. घरात साखरेचा पेशंट असेल तर जाड प्लास्टिकची एक बाटली ठेवा. सुई झाली की आत टाका, भरत आली की बूच घट्ट लावा, वर ठळक "सुया" लिहा आणि गाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. काच फुटली तर जाड कागदात गुंडाळून, दोरी बांधून, वर "काच". एवढी दोन अक्षरं लिहायला पेन घरात असतंच. मावशींना फारसं वाचता येत नाही, पण काच आणि सुई हे दोन शब्द माझ्या मुलानं त्यांना ओळखायला शिकवलेत.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा ओला-सुका कंसात टाका आणि आधी शेतातलं-कारखान्यातलं लिहा, नाहीतर दुसरा याहून चांगला शब्द काढा. शब्द काढायला तुमच्याकडं माणसं आहेत. आणि चौकट मोठ्या अक्षरांत, आतल्या पानाऐवजी शेवटच्या पानावर द्या. गठ्ठा बांधताना शेवटचं पान वर येतं, त्यामुळं रद्दीत गेल्यावरही एक-दोन जण वाचतात.

माझं नाव कृपया छापू नये. त्या काकू आपलाच पेपर घेतात, आणि महिनाअखेरीला त्यांचा गठ्ठा माझ्याच काट्यावर येतो.

आपली,
एक रद्दी दुकानदार,
गावभाग, सांगली