आर्द्रा लागायच्या आत माणूस पाठवा

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी महाड तालुक्यातला भातशेतकरी. परवा मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि मासे चढणीला लागले, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघाले. रात्री नदीतून ओढ्याला चढलेले मळ्ये, शिंगटी, मरळ पहाटे आमच्या खाचराखालच्या कोंडीत, म्हणजे ओढ्यातल्या डोहात, उलटे तरंगत होते. कोणीतरी ब्लीचिंग पावडर ओतली होती. एक शिंगटी उचलली तर गाबोळी (पोटातली अंडी) बोटांवरून ओघळली, खसखशीएवढे दाणे. वासाने डोळे झोंबत होते.

गेल्या पावसाळ्यातही हेच झाले. तेव्हा तुमच्या खात्याकडे अर्ज दिला, "पुढच्या वर्षी गस्त ठेवू" असे उत्तर मिळाले. यंदा राबाची पेरणी टाकून गेलो तर तिथले साहेब म्हणतात, ओढा आमच्याकडे येत नाही!

समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण मासा अंडी घालतो. मग नदीतला मासा कधी घालतो, साहेब? विष किंवा सुरुंगाने मासे मारणे गुन्हा, हे 1897 च्या कायद्यात लिहिले आहे. आमच्याकडे त्यासाठी कोणाला शिक्षा झाल्याचे मी पन्नास वर्षांत ऐकलेले नाही.

चढणीचे मासे आम्हीही खातो, खोटे बोलणार नाही. पण वडील दोन रात्री पाग (फेकायचे जाळे) टाकायचे आणि तिसऱ्या दिवशी तो आढ्याला टांगायचे. काळ नदीवर वाळणकोंडीला वरदायिनीच्या डोहात माशाला कोणी हात लावत नाही. देवीच्या धाकाने जे होते, ते तुमच्या खात्याच्या धाकाने का होत नाही?

आणि वाचलेला मासा चढणार कुठे? ओढ्यावर सिमेंटचा बंधारा घातलाय, सरळ भिंत. मासे उड्या मारून मारून पायथ्याशी दमतात आणि तिथेच काठ्यांनी मारले जातात. अमेरिकेत कोलंबिया नदीवर 1938 साली बॉनव्हिल धरण उभे राहिले, तेव्हा सामन आणि स्टीलहेड माशांना वर चढायला पायऱ्या ठेवल्या होत्या. आमच्या पुरुषभर भिंतीला चार टप्पे जड झाले! पाणी एका खात्याचे, बंधारा दुसऱ्याचे, वाळू महसूलची, आणि मेलेला मासा कोणाचाच नाही. रस्ता असो, दवाखाना असो, प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवते. आम्ही अर्ज घेऊन फिरत म्हातारे झालो.

मागणी दोनच: पावसाळ्याचे पहिले दोन महिने ओढ्यांवर गस्त आणि बंधाऱ्याला टप्पे. आर्द्रात मासे पुन्हा चढतील. त्याआधी माणूस पाठवा, कोंड मी दाखवतो.

आपला,
काळ नदीकाठचा एक शेतकरी