सही करण्याआधी कागद वाचून दाखवणारं कुणी हवं

संपादक महोदय,

आमच्या शेजारच्या सुनेचा नवरा गेल्या पावसाळ्यात वारला. पदरात दोन लहान मुली. महिनाही झाला नसेल, तोच दीर टाइप केलेला कागद घेऊन आला. म्हणाला, “वारस नोंदीला सही लागते, सोमवारी निबंधकाकडे जाऊ.” ती पोर माझी विद्यार्थिनी. रात्री कागद घेऊन आली, “बाई, काय लिहिलंय बघा की.” पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, पण ती भाषा मलाही उलगडेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या न्यायालयात गेलो. तिथल्या विधी सेवा समितीच्या खोलीत पॅरा लीगल व्हॉलंटियर बसतात, म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या विधी स्वयंसेवक. त्या पूर्वी अंगणवाडी सेविका होत्या. त्यांनी कागद सावकाश, मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, “अगं, ही वारस नोंद नव्हे, हक्कसोडपत्र आहे. सही केलीस तर सामाईक सातबारावरचा तुझा हिस्सा दिराचा होईल.” तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं देऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. मग नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हे सगळं त्यांनी तिथेच समजावलं आणि अर्जही लिहून दिला. सासूही वारस आहे, तिचं नाव गाळू नकोस, असं बजावलं. हे मला फार मोलाचं वाटलं. दिराने हरकत घेतलीच, तर वकील फुकट मिळेल, हेही त्यांनीच सांगितलं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. हे ना तिला ठाऊक होतं, ना मला.

स्वयंसेवक न्यायालयात वकिली करत नाहीत, करूही नये. पण आमचं काम न्यायालयापर्यंत जाण्याआधीच अडलं होतं. तिथे आम्हाला वकिलाची फी नव्हे, वाचून सांगणारं माणूस हवं होतं.

माझी मागणी एवढीच : या स्वयंसेवकांची नावं, बसण्याचे वार आणि १५१०० हा मदत क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, तलाठी कार्यालयात आणि रेशन दुकानात ठळक रंगवा, ग्रामसभेत वाचून दाखवा. निबंधक कार्यालयाच्या दारातही एका स्वयंसेवकाला बसवा. त्या सोमवारी आम्ही तिथेच पोहोचलो असतो.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सांगली