ठीकरीच्या अलीकडे गाडी थांबवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. त्या गडबडीत तुमचं नाव विचारायचंच राहिलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

मे महिन्यातली भर दुपार, खलघाटचा नर्मदेचा पूल ओलांडून आम्ही धुळ्याकडे निघालो होतो, नणंदेच्या मुलीचा साखरपुडा, गाडीत पाच जण, डिकी गच्च, आणि स्टिअरिंगवर मी. मागचा उजवा टायर फुटला. गाडी मागून अशी हेलकावे खायला लागली की काही सुचेना, ब्रेक दाबलाच नाही मी, पाय नुसता उचलला आणि स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, हळूहळू गाडी कडेला लागली. खाली उतरतोय तोच घरच्यांचं सुरू झालं, "तरी सांगत होतो, हायवेला हिच्याकडे गाडी देऊ नका."

तेवढ्यात तुम्ही थांबलात. सासूबाईंचं मराठी ऐकून "इंदूरचेच ना? मी रामबागेतला" म्हणालात, आमचा पाना घसरत होता तर तुमचा लांब दांड्याचा घेऊन आलात. स्टेपनी लावून गेला असतात तरी उपकारच होते हो. पण तुम्ही मला जवळ बोलावलंत, "बेटा, आत हात घाल."

फुटलेल्या टायरच्या आत काळा भुगा होता, मूठभर. अजून आठवतोय तो हाताला. आणि आतल्या बाजूनं गोल घासल्याची पट्टी. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते नि उठते, त्यानं टायर आतून तापत जातो, रबर आतल्या दोऱ्यांपासून सुटायला लागतं, त्यात पाच माणसांचं वजन, वेग, तापलेला रस्ता. हे सगळं तुम्ही बोट ठेवून ठेवून दाखवलंत. मग हवा भरायचा वॉल्व वाकवलात, बुडाशी बारीक चीर. "ह्याच चाकात सारखी हवा कमी व्हायची का?" हो, व्हायची! पंधरा दिवसांत दोनदा भरली होती, आम्हाला वाटायचं पंपावरचा मुलगा कमी भरतो. आणि हल्लीच्या गाड्यांना असतात त्या रेडियल टायरमध्ये हवा बरीच उतरली तरी नुसतं बघून कळत नाही, हे तर मला माहीतच नव्हतं.

स्टेपनीवरचे चार आकडेही तुम्हीच वाचून दाखवलेत, 2216, म्हणजे टायर बनला तो 2016 सालचा बाविसावा आठवडा, इतका जुना. "ह्याच्यावर 60 च्या वर जाऊ नकोस, सेंधव्याला बदलून घे."

आणि निघताना सगळ्यांकडे वळून म्हणालात, "हिनं ब्रेक मारला नाही म्हणून तुम्ही सगळे इथे उभे आहात, पुढेही तिलाच चालवू द्या." काका, ह्या एका वाक्यासाठी तुमचे किती आभार मानू? सेंधव्याला नवा टायर घातला आणि बिजासन घाट मीच उतरले. कोणी काही बोललं नाही.

आता हवेचं मीटर घरीच घेतलंय. सकाळी गाडी गार असताना बघते, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलाय तोही आता पाठ आहे.

रामबागेत दोनदा विचारून आले, पत्ता लागला नाही. तुमचा पाना आमच्याच डिकीत राहिलाय काका. हे वाचलंत तर कळवा, घरी आणून देते.