सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एक कोरा कागद घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात हल्ली एआयवर रोज काही ना काही येतं, मी वाचतो पण, पण आमच्यासारख्या मधल्या धंद्यांचं दुखणं त्याच्या फार आधीच्या पायरीचं आहे, आखणी न करताच सॉफ्टवेअर घेण्याचं, आणि ते कोणी लिहून नाही राहिलं, म्हणून हे पत्र. मी वाडीला ऑटो पार्ट्सच्या गोडाऊनमध्ये स्टोअर सांभाळतो, इंजिनिअर वगैरे नाही.

२०२३ च्या सुरुवातीला आमच्या शेठजींनी बिलिंग, स्टॉक अन् उधारी एकत्र करणारं सॉफ्टवेअर घेतलं. डेमो मस्त झाला, रंगीत ग्राफ, मोबाईलवर विक्री, समोसे, आणि लगेच अ‍ॅडव्हान्सचा चेक. डेटा कुठे राहणार, एक भाग बंद पडला तर बाकीचे चालतील का, हे कोणी विचारलंच नाही. मीही नाही विचारलं, खोटं कशाला बोलू.

सर्व्हर, म्हणजे सगळा डेटा ठेवणारा मुख्य कॉम्प्युटर, ठेवला बर्डीच्या ऑफिसच्या तळघरात, कारण तिथे जागा रिकामी होती. बॅकअपची हार्डडिस्क त्याच कपाटावर. मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली, काही तासांत १०० मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला, नागनदी घरात शिरली, पुढचं नागपूरकरांना सांगायला नको. सर्व्हर आणि बॅकअप दोघंही एकाच पाण्यात गेले. उधारी आम्ही पार्ट्यांना फोन करकरून परत लिहिली, आणि कोणाला किती देणं आहे हे माणूस स्वतःहून किती खरं सांगतो ते तेव्हा कळलं.

नंतर सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेलं. पण क्लाउड म्हणजे काही रामबाण नाही, वाडीत नेट गेलं की बिलच निघत नाही आणि गेटवर गाडी उभी. नेट नसताना बिल बनवून ठेवायचं आणि नंतर चढवायचं अशी सोय आधीच मागायला पाहिजे होती, आता मागितली तर म्हणतात मुळापासून बदलावं लागेल.

दोन वर्षांनी परत सप्टेंबर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्ट्सवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, चांगलीच गोष्ट, पण आमच्याकडे रेट प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवलेला! सॉफ्टवेअरवाल्याचा पोरगा आला, २८ खोडून १८ केलं, गेला. ऑक्टोबरमध्ये जुना माल परत यायला लागला तर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाचे पैसे वळते करायची चिठ्ठी, १८ ने निघे, आणि ती तर मूळ बिलाच्या रेटनेच निघायला पाहिजे. जुनं बिल परत छापलं तरी त्यावर १८. रेट वेगळ्या टेबलमध्ये ठेवून समोर ‘कधीपासून लागू’ ही तारीख टाकली असती तर हे झालंच नसतं. रेट बदलतात हे २०१७ पासून सगळा देश पाहून राहिला आहे ना.

याला आयटीवाले आर्किटेक्चर म्हणतात. माझ्या समजेनं ते इतकंच, की कोटेशनच्या आधी एका कागदावर चौकोन अन् बाण काढायचे, चौकोन म्हणजे एकेक काम, बाण म्हणजे माहिती कुठून कुठे जाते. स्टॉक कुठे, बिलिंग कुठे, ई-इनव्हॉइसचं (जीएसटीसाठी बिल ऑनलाइन नोंदवायचं) पोर्टल कुठे, टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, काय जातं. प्रत्येक वस्तूचा मूळ कोड कोणाच्या ताब्यात, हे तर सगळ्यात आधी, कारण आमच्याकडे एकच ब्रेक शू तीन नावांनी पडून आहे आणि तिन्हींचा स्टॉक चुकीचा. मग प्रत्येक बाणावर काट मारून विचारायचं, हा तुटला तर किती तास धंदा थांबलेला चालेल, किती वेळाची एन्ट्री गेली तर सहन होईल. ही उत्तरं मालकाची, सॉफ्टवेअरवाल्याची नाहीत. आणि बॅकअप दुसऱ्या जागी ठेवून, तीन महिन्यांतून एकदा तरी त्यातून डेटा खरंच परत येतो का हे करून पाहायचं.

मोठ्यांचंही तेच होतं म्हणा. १९ जुलै २०२४ ला एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या खराब अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे झाले, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. पण विमानं हळूहळू का होईना उडाली, कारण हाताने काम चालवता येत होतं. तेव्हापासून मी छापील बिलबुक ड्रॉवरमध्ये ठेवतो, पोरं हसतात.

परवा शेठजी म्हणाले हजेरीचं नवीन मशीन घेऊ, तर मी विचारलं पगाराच्या शीटला ते जोडणार कोण. म्हणाले, ‘तूच काढून आण बापा कागदावर.’ काढलं, आठ माणसांच्या हजेरीला अकरा बाण झाले, सध्या मशीन घेणं थांबवलंय.

आपला,
एक वाचक, वाडी, नागपूर